पुढच्या सीटची किंमत

‘हिरो’ हा शब्द आपण हॉस्टेलवर दिवसातून दहा वेळा तरी वापरतो. नवीन बाईक आणली तो हिरो, व्हायव्हाला एक्स्टर्नलशी वाद घालून आला तो हिरो, गॅदरिंगला स्टेज गाजवलं तो हिरो. मेसच्या रांगेत कोणी मध्येच घुसला, तर त्यालाही आपण ‘आला बघा हिरो!’ म्हणतो. शब्द एकच, पण कधी कौतुकाचा तर कधी टोमण्याचा. हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला आणि इंग्रजीत तो लॅटिनमार्गे ग्रीक भाषेतून आला. मूळ शब्द ‘हेरोस’. तेव्हा ज्यांनी हा शब्द जगाला दिला, त्यांचे हिरो नेमके कसे होते, हे पाहायला काय हरकत आहे?

पहिलीच गोष्ट धक्का देणारी आहे. होमरच्या काव्यात ‘हेरोस’ म्हणजे ‘चांगला माणूस’ नव्हे. हेरोस म्हणजे लढवय्या, मोठ्या कुळातला वीर. पुढच्या काळात ज्या मृत वीरांच्या थडग्यांपाशी ग्रीक लोक पूजा करत, बळी देत, त्यांनाही हाच शब्द लावला गेला. हा माणूस रागीट असू शकतो, हट्टी असू शकतो, आपल्याच लोकांचं नुकसान करू शकतो. म्हणून ‘अकिलिससारखे व्हा’ असा सरळ उपदेश ग्रीक महाकाव्यांतून काढता येत नाही. पण या वीरांच्या चुकांमधून आणि एका विलक्षण प्रश्नातून शिकण्यासारखं खूप आहे. तो प्रश्न ऐकून तर मला आपली ॲडमिशनच आठवली. तो कोणता, ते पुढे येईलच.

इलियड म्हणजे काय?

२००४ साली ‘ट्रॉय’ हा सिनेमा आला. आपल्यापैकी अनेकांची ग्रीक वीरांशी ओळख तिथूनच झालेली आहे. लाकडी घोडा, अकिलिसच्या टाचेत घुसलेला बाण, जळणारं शहर... मजा अशी की यातलं काहीही ‘इलियड’मध्ये घडत नाही! इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपास रचलेलं हे काव्य २४ सर्गांचं आहे आणि त्यात १५ हजारांहून जास्त ओळी आहेत. ट्रॉयचा वेढा दहा वर्षं चालला, पण होमर सांगतो ते शेवटच्या वर्षातल्या साधारण पन्नास दिवसांबद्दल. काव्याचा पहिला शब्दच ‘क्रोध’ या अर्थाचा आहे आणि शेवट होतो तो हेक्टरच्या, म्हणजे शत्रुपक्षातल्या वीराच्या अंत्यसंस्काराने. ट्रॉय जिंकल्याचा जल्लोष त्यात कुठेच नाही. ग्रीकांनी आपल्या सर्वात मोठ्या युद्धकाव्याचा शेवट असा ठेवला, यातच पुष्कळ काही आलं.

या वीरांना हवी असते ती कीर्ती. ग्रीक शब्द ‘क्लेओस’, म्हणजे जे ऐकू येतं ते, लोक ज्याविषयी बोलतात ते. हा शब्द आणि संस्कृतमधला ‘श्रवस्’ हा शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. आपला ‘श्रवण’सुद्धा त्याच घरातला. होमरमध्ये ‘अक्षय कीर्ती’ या अर्थाचा जो शब्दप्रयोग आहे, त्याचा जुळा भाऊ ऋग्वेदात सापडतो. हे साम्य आडाल्बेर्ट कून या जर्मन अभ्यासकाने १८५३ साली दाखवून दिलं. म्हणजे ‘माझ्यामागे माझं नाव राहिलं पाहिजे’ ही ओढ फार जुनी आहे, आणि ती एकट्या ग्रीकांची नाही.

सार्पेडॉनचा प्रश्न

आता तो प्रश्न. इलियडच्या बाराव्या सर्गात सार्पेडॉन नावाचा एक वीर येतो. तो लिसियाचा राजा. लिसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण किनारा. ट्रॉयच्या मदतीसाठी तो लांबून आलाय. ग्रीकांच्या तटबंदीवर हल्ला करायच्या आधी तो आपल्या मित्राला, ग्लॉकसला, विचारतो की, आपल्या देशात आपल्याला मानाची सीट का मिळते? मांसाचा चांगला वाटा आणि भरलेला पेला आपल्यालाच का? नदीकाठची उत्तम जमीन आपल्याकडे का? त्याचं उत्तर तोच देतो. हे सगळं घेतलंय, म्हणून आपण सगळ्यांच्या पुढे उभं राहिलं पाहिजे. मग लोक म्हणतील की आमचे राजे चांगलं खातात-पितात खरे, पण लढायलाही पहिल्या ओळीत असतात.

मानाची ‘सीट’ हा शब्द मी गंमत म्हणून घातलेला नाही. मूळ ग्रीकमध्येही यादीत पहिली येते ती बसायची जागाच.

सार्पेडॉन पुढे आणखी एक मुद्दा मांडतो. तो म्हणतो की, या लढाईतून वाचून आपण कायमचे अमर होणार असतो, तर मी पुढे लढलो नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. पण मरण कोणालाच चुकत नाही, तर मग चला पुढे. इथे हिरो आणि देव यांच्यातला फरक कळतो. होमरचे देव भांडतात, जखमी होतात, रडतात, पण ते मरू शकत नाहीत. म्हणून ते कधीच शूर ठरू शकत नाहीत. ज्याला गमावण्यासारखं काहीच नाही, त्याच्या धाडसाला अर्थ काय? चार सर्गांनंतर सार्पेडॉन मारला जातो. तो देवराज झ्यूसचा मुलगा, तरी बाप त्याला वाचवत नाही. म्हणजे तो नुसतं बोलला नाही, त्याने किंमत दिली.

माझ्या मते सबंध इलियड वाचायची किल्ली या छोट्या भाषणात आहे. मला जे मिळालंय त्याच्या बदल्यात मी कोणाचं काय देणं लागतो? बाकीच्या वीरांना हा एकच प्रश्न लावून पाहिला की त्यांचं मोठेपण आणि त्यांची चूक दोन्ही स्पष्ट दिसायला लागतात.

अकिलिसचा उलटा हिशोब

अकिलिस हा ग्रीकांमधला नंबर एकचा वीर. सेनापती ॲगमेम्नॉन सगळ्यांसमोर त्याचा अपमान करतो आणि बक्षीस म्हणून मिळालेली ब्रायसिस त्याच्याकडून काढून घेतो. अन्याय उघड आहे. आपल्यालाही अकिलिसची बाजू पटते. पण पुढे तो काय करतो? तो लढाई सोडून तंबूत बसतो, आणि एवढ्यावर थांबत नाही. आपल्या देवता असलेल्या आईकडून तो झ्यूसला निरोप पाठवतो की ट्रॉयवाल्यांना जिंकू दे, ग्रीक मरू देत, म्हणजे मग यांना माझी किंमत कळेल!

सार्पेडॉन विचारतो, मी काय देणं लागतो? अकिलिस विचारतो, मला काय येणं आहे? नवव्या सर्गात ॲगमेम्नॉन नमतो. सोनं, घोडे, सात शहरं, स्वतःची मुलगी आणि ब्रायसिस परत, असं सगळं देऊ करतो. तरी अकिलिस ऐकत नाही. शेवटी त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस सैनिकांचे हाल बघवत नाहीत म्हणून अकिलिसचं चिलखत घालून लढायला जातो आणि हेक्टरच्या हातून मरतो. तेव्हा अठराव्या सर्गात अकिलिस आईसमोर स्वतःला जमिनीवरचं निरुपयोगी ओझं म्हणतो. आपण मराठीत ‘भुईला भार’ म्हणतो ना, अगदी तेच! सर्वात ताकदवान माणूस स्वतःला भुईला भार म्हणतो, कारण ताकद असून ती गरजेच्या वेळी कोणाच्याच कामी आली नाही.

अमेरिकेत जोनाथन शे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना त्यांच्या कहाण्यांत अकिलिसचीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली. वरिष्ठाने केलेला विश्वासघात, जवळच्या मित्राचा मृत्यू आणि नंतर भान सुटलेला संताप. त्याचं ‘अकिलिस इन व्हिएतनाम’ हे पुस्तक १९९४ साली आलं. होमर माणसाच्या मनाचा केवढा पक्का निरीक्षक होता, ते यावरून लक्षात येतं.

हेक्टर आणि ‘लोक काय म्हणतील’

हेक्टर बहुतेक वाचकांचा लाडका. मुलगा, नवरा, बाप, भाऊ सगळ्या भूमिकांत चांगला. सहाव्या सर्गात तो बायकोला, अँड्रोमॅकीला, भेटतो. तान्हं बाळ त्याच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून घाबरून रडायला लागतं. आईबाप दोघंही हसतात, हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग बाळाला उचलून घेतो. सबंध काव्यात इतका घरगुती क्षण क्वचितच येतो.

पण हेक्टरचीही एक गोम आहे. त्याच्याच वयाचा पॉलिडॅमस नावाचा एक सहकारी आहे, दोघांचा जन्म एकाच रात्रीचा. एक भाल्यात पुढे, दुसरा विचारात. अकिलिस परत लढाईत येणार हे दिसल्यावर पॉलिडॅमस भर सभेत म्हणतो की, रात्रीच शहरात परत चला, तटाआडून लढू. हेक्टर त्याला झिडकारतो, आणि सगळी सभा हेक्टरलाच टाळ्या देते. दुसऱ्या दिवशी ट्रॉयच्या सैन्याची कत्तल होते. बाविसाव्या सर्गात हेक्टर दरवाजाबाहेर एकटा उभा आहे. आई-वडील तटावरून ‘आत ये’ म्हणून विनवतायत. तो आत का जात नाही? कारण आत गेलो तर पहिला पॉलिडॅमस बोलेल, मग लोक म्हणतील की स्वतःच्या ताकदीच्या घमेंडीत याने सैन्य बुडवलं. या लाजेपोटी तो बाहेर राहतो. अकिलिस जवळ आल्यावर मात्र त्याचा धीर सुटतो आणि तो पळत सुटतो. शहराला तीन फेऱ्या! होमर हे लपवत नाही. भीती वाटणं हा त्याच्या लेखी हिरोला कलंक नाहीच. हेक्टरची चूक भीतीची नव्हती. ज्या लोकांचं तो देणं लागत होता, त्यांना तो जिवंत हवा होता, आणि त्याने विचार केला तो त्यांच्या टोमण्यांचा.

पॉलिडॅमसच्या वंशजांविषयी

मला विचाराल तर आपल्या क्षेत्रातला हिरो हेक्टरपेक्षा पॉलिडॅमसच्या जास्त जवळचा आहे. इंजिनिअरिंग एथिक्समध्ये शिकवलं जाणारं ‘चॅलेंजर’ यानाचं प्रकरण घ्या. रॉजर बॉइजॉली हा यानाचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतला इंजिनिअर. बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी ओ-रिंग्जबद्दल त्याने जुलै १९८५ मध्येच लेखी इशारा दिला होता. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, नासाबरोबर टेलिकॉन्फरन्स झाली. इतक्या थंडीत ओ-रिंग नीट सील करणार नाही, उड्डाण नको, असं तो आणि त्याचे सहकारी सांगत होते. आधी कंपनीने त्यांचं मानलं. मग मॅनेजमेंटने वेगळी चर्चा करून होकार कळवला. २८ जानेवारीला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. बॉइजॉलीने चौकशी आयोगापुढे खरं ते सांगितलं, आणि त्याबद्दल कंपनीत त्याला वाळीत टाकल्यासारखं वागवलं गेलं. १९८८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या विज्ञान संस्थेने त्याला वैज्ञानिक स्वातंत्र्य आणि जबाबदारीसाठीचा पुरस्कार दिला.

त्याने तलवार उपसली नाही, तो जिंकलाही नाही. पण सार्पेडॉनची कसोटी लावा. ज्या ज्ञानासाठी त्याला पगार आणि मान मिळत होता, ते ज्ञान वेळ आली तेव्हा तो सगळ्यांपुढे घेऊन उभा राहिला. टाळ्या हेक्टरच्या बाजूने पडत असताना उभं राहणं भाला फेकण्यापेक्षा सोपं आहे, असं मला तरी वाटत नाही.

हसणाऱ्यांचं काय?

होमरच्या जगातलं सगळंच डोक्यावर घ्यावं असं मात्र नाही. दुसऱ्या सर्गात थर्सायटिस नावाचा एक सैनिक आहे. लंगडा, खांद्यात वाकलेला, डोक्यावर विरळ केस. तो सभेत ॲगमेम्नॉनला तोंडावर म्हणतो की लुटीचा मोठा वाटा तुलाच, आणि मरायचं आम्ही. पहिल्या सर्गात अकिलिसने जवळजवळ हेच म्हटलं होतं. अकिलिस बोलला तर तो वीर, थर्सायटिस बोलला तर ओडिसिअस राजदंडाने त्याच्या पाठीत तडाखा देतो. वळ उठतो, थर्सायटिस डोळे पुसतो आणि सगळं सैन्य हसतं. खरं तर त्या सैनिकांनाही घरीच जायचं होतं! होमरची सहानुभूती इथे थर्सायटिसला नाही, पण प्रसंग त्याने इतका नेमका टिपलाय की आपल्याला तो वळ दिसतो आणि ते हसणं ऐकू येतं.

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना हे दृश्य समजावून सांगायची गरज नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये आला, तो चांगलाच आहे. पण रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये कायदा हजर नसतो, हजर असतात ते हसणारे. अशा वेळी एकाने जरी ‘बस झालं, त्याला जाऊ दे’ म्हटलं, तरी ते पुरेसं धाडस आहे.

आणि ब्रायसिस? जिच्यावरून एवढं रामायण झालं, तिला बोलायला मिळतं ते थेट एकोणिसाव्या सर्गात, पॅट्रोक्लसच्या प्रेताजवळ. तेव्हा आपल्याला कळतं की तिचा नवरा आणि तिघे भाऊ एकाच दिवशी मारले गेले होते, आणि नवऱ्याला मारणारा खुद्द अकिलिसच. वीरांच्या कीर्तीचं बिल कोणी भरलं, हे ती थोडक्यात सांगते. कोणाच्याही पराक्रमाचं कौतुक करण्याआधी हे बिल एकदा बघून घ्यावं.

दुसऱ्या महाकाव्यात, ‘ओडिसी’त, हाच हिशोब आणखी ठळक होतो. ओडिसिअस एका डोळ्याच्या राक्षसाला ‘माझं नाव कोणीही नाही’ असं सांगून फसवतो आणि निसटतो. काम फत्ते! पण जहाज किनाऱ्यापासून दूर गेल्यावर त्याला राहवत नाही. साथीदार नको नको म्हणत असताना तो ओरडून आपलं खरं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव सांगतो. राक्षस त्याच नावाने समुद्रदेवाकडे शाप मागतो. ओडिसिअस वीस वर्षांनी घरी पोचतो खरा, पण बारा जहाजं घेऊन निघालेला तो एकटाच परत येतो. काम झाल्यावर त्याच्यावर आपलं नाव कोरायची हौस किती महाग पडते! आणि त्याच काव्यात अकिलिस पाताळात भेटतो तेव्हा सांगतो की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरीब माणसाच्या शेतावर मजुरी करणं मला चाललं असतं. ज्याने अक्षय कीर्ती निवडली, त्याचं हे मत!

सर्वात धाडसी रात्र

इलियडच्या शेवटच्या सर्गात एक म्हातारा रात्री शत्रूच्या छावणीत जातो. हेक्टरचा बाप, राजा प्रायम. हातात शस्त्र नाही. अकिलिसने हेक्टरला मारून त्याचं प्रेत रथामागे फरफटवलंय, ते मागायला तो आलाय. तो अकिलिसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी त्याची मुलं मारली, त्याच हातांचं चुंबन घेतो. तुझ्याही बापाला आठव, म्हणतो. मग दोघेही रडतात. एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी.

यानंतरची एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अकिलिस दासींना सांगतो की हेक्टरचं प्रेत आडोशाला नेऊन धुवा. प्रायमने ते पाहिलं तर तो भडकेल, तो भडकला तर माझाही तोल जाईल आणि मी त्याला मारून बसेन. आपल्या भाषेत सांगायचं तर अकिलिस इथे फेल-सेफ बसवतो! सगळ्या काव्यात ज्याला राग आवरला नाही, तो माणूस स्वतःच्या रागावर भरवसा न ठेवता आधीच व्यवस्था करतो. नंतर तो प्रेत स्वतःच्या हातांनी उचलून ठेवतो, प्रायमला जेवू घालतो आणि अंत्यविधीसाठी लढाई किती दिवस थांबवू, असं विचारतो. या रात्री पहिल्यांदाच त्याचा प्रश्न बदललेला असतो. मला काय येणं आहे, हे तो विसरलाय. समोरच्या माणसाचं आपण काय देणं लागतो, एवढंच तो पाहतो. युद्ध थांबत नाही, दोघेही लवकरच मरणार आहेत. पण अकिलिस सर्वात मोठा दिसतो तो इथे.

तर मित्रांनो, ग्रीक वीरांकडून त्यांचे भाले, त्यांचा राग आणि त्यांची लूट घ्यायची काही गरज नाही. घ्यायचा तो सार्पेडॉनचा प्रश्न. कॅप राउंडमध्ये ज्या सीटवर आपलं नाव लागलं, तिच्यासाठी यादीत आपल्याखाली आणखी बरीच नावं होती. घरच्यांनी कशाकशाला कात्री लावून फी भरली, ते आपल्याला ठाऊक आहे. मेसच्या काकांपासून लॅब असिस्टंटपर्यंत कितीतरी माणसं आपल्या आधी उठतात. पुढे आपल्यातल्या कोणाची सही पुलाच्या ड्रॉइंगवर असेल, कोणाची बॉयलरच्या टेस्ट रिपोर्टवर. त्या कागदावर सही मागणारा घाईत असेल, आणि ‘थांबा, हे बरोबर नाही’ म्हणायची पाळी आपल्यावर येईल. पुढच्या सीटची किंमत भरायचा दिवस तोच.